वऱ्हाडातले जुने लाकूडसामान : काळ आणि मूळ कसे ओळखावे

अठराव्या शतकातल्या वऱ्हाडी वाड्यात खुर्ची-टेबल नव्हते. माणसे जमिनीवर बसत. बैठकीवर गादी, लोड आणि तक्के असत. लाकडाच्या वस्तू मोजक्या होत्या : माजघरात पलंग किंवा बाज, ओसरीवर कड्यांना टांगलेली बंगई, जेवायला पाट, पूजेला चौरंग आणि देव्हारा, कपडालत्ता व दागिन्यांसाठी पेटारा, मुनीमजीसमोर उतरत्या झाकणाचे बैठे डेस्क. कपाट म्हणून वेगळी वस्तू नसे. भिंतीतच कोनाडा ठेवून त्याला दारे लावत, ते फडताळ. हे सामान करणारा सुतार, म्हणजे वऱ्हाडच्या बोलीतला वाढई, हा मुख्यतः शेतीचा कारागीर होता. वखर, तिफण, नांगर आणि बंडी ही त्याची रोजची कामे. पलंग किंवा पेटारा त्याच्याकडे लग्नसराईत येई. म्हणून या भागात १८५० पूर्वीची म्हणून खुर्ची किंवा लिहिण्याचे टेबल दाखवले गेले, तर पहिला संशय तिथेच घ्यावा. तशा वस्तूला त्या काळच्या घरात जागाच नव्हती.

बदल सुरू झाला तो १८५३ च्या तहानंतर. निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिले आणि अमरावती व अकोला येथे कचेऱ्या, न्यायालये आणि साहेबांचे बंगले उभे राहू लागले. त्याआधीही परतवाड्याजवळ अचलपूरच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेल्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या फौजेच्या, पलटणी होत्या. त्याच फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ मध्ये चिखलदऱ्याचे पठार पाहिले आणि पुढे तिथे हवापालटाचे बंगले झाले. पण छावणीतले सामान त्या काळी छावणीतच फिरे; गावातल्या घरांपर्यंत बदल पोचला तो कापसामुळे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव भडकले. भुसावळ-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला, खामगावला १८७० मध्ये फाटा आला. राली, व्होलकार्ट यांच्यासारख्या युरोपीय पेढ्यांचे खरेदीदार कापसाच्या बाजारात बसू लागले. पैसा आणि रेल्वे एकदमच हाती आल्यावर देशमुख, सावकार आणि नव्याने सनद घेतलेले वकील यांच्या दिवाणखान्यात खुर्ची आली. वऱ्हाडातल्या बहुतेक जुन्या फर्निचरचा जन्म १८६५ ते १९४० या पाऊणशे वर्षांतला आहे, असे धरून चालणे सुरक्षित आहे. त्यापेक्षा जुने काही असू शकते, पण ते सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर राहतो.

या काळात सामान चार वाटांनी घरात येत होते. पहिली वाट गावच्या वाढयाची. दुसरी छावणीची आणि साहेबांच्या बंगल्यांची : बदली झाली की अधिकारी घरचे सामान लिलावात काढून मोकळा होई आणि ते गावातल्या श्रीमंतांकडे जाई. तिसरी वाट मुंबईची, चौथी परदेशाची. त्यांत पुढे सरकारी कारखान्यांची भर पडली. तुरुंगांतल्या सुतारशाळा, सार्वजनिक बांधकाम खाते आणि रेल्वे यांनी केलेल्या साध्या, दणकट खुर्च्या आणि कपाटे निकाली निघाल्यावर खाजगी घरांत पोचली. एखादी वस्तू कुठली, या प्रश्नाचा अर्थ वऱ्हाडात बहुधा एवढाच असतो : ती यांपैकी कोणत्या वाटेने आली? कारागिराचे नाव क्वचितच हाती लागते. वाढयाने आपल्या कामावर सही केली नाही. गावाला ते काम कोणाचे हे माहीत होतेच.

पहिली परीक्षा लाकडाची. मेळघाटात सागवान मुबलक, आणि चांगले फर्निचर म्हणजे सागवानाचे, हे समीकरण परतवाड्याच्या लाकूडबाजारात आजही कायम आहे. पण सागासोबत त्या डोंगरात हळदू, तिवस, धावडा, बिजा, येन, शिवण, शिसम आणि सालईही वाढतात आणि प्रत्येकाचे काम ठरलेले होते. तिवस चिवट, म्हणून गाडीच्या चाकाला व जुवाला. हळदू पिवळसर आणि घट्ट पोताचे, कातकामाला उत्तम. पाळण्याच्या दांड्या आणि पलंगाचे छोटे कातीव भाग त्याचे निघतात. शिवण हलकी आणि न वाकणारी. मैदानी भागात बाभूळ, आंबा आणि कडुनिंब. कसर आणि वाळवी लागू नये म्हणून पेटाऱ्याच्या आतल्या बाजूला कडुनिंबाच्या फळ्या घालण्याची रीत होती. गावात केलेल्या वस्तूत अशी सरमिसळ दिसते : दर्शनी भाग सागाचा, मागची फळी आंब्याची, आडवे दांडे बाभळीचे. मुंबईच्या मोठ्या दुकानातल्या वस्तूत बाभूळ सापडणार नाही.

साग मेळघाटचा की ब्रह्मदेशचा, हा नेहमीचा वाद. ब्रह्मी साग रंगूनहून समुद्रमार्गे मुंबईला येई. त्याचे ओंडके लांब, सरळ आणि रुंद. रंग एकसारखा सोनेरी. मध्य भारतातला साग कमी पावसात सावकाश वाढतो, त्याचे खोड आखूड आणि गाठाळ, रंग गडद आणि त्यात काळपट पट्टे. म्हणून टेबलाचा पृष्ठभाग दोन-अडीच फूट रुंदीच्या एकाच अखंड फळीचा असेल आणि रेषा दोरीत ताणल्यासारख्या सरळ असतील, तर ब्रह्मी सागाचा विचार करावा. अरुंद फळ्या जोडून केला असेल आणि पट्टे नागमोडी असतील, तर मेळघाटाचा. हा कौल आहे, निर्णय नाही. मेळघाटातही सरळ वाढलेली झाडे होती आणि मुंबईच्या बाजारात देशी सागही जाई. सूक्ष्मदर्शकाखाली लाकडाची जात ठरवता येते, आणि त्यासाठी १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेकडे नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. पण दोन्ही जागचा साग एकाच जातीचा असल्याने त्या तपासणीतून प्रदेश कळत नाही. कार्बन-१४ ची चाचणीही इथे कामाची नाही. गेल्या तीनशे वर्षांसाठी तिचे उत्तर एकाऐवजी अनेक कालखंड दाखवते.

शिसवी म्हणून विकले जाणारे सामान पुष्कळदा काळा रंग दिलेला साग असतो. हा फरक ओळखायला मात्र सोपा आहे. शिसम सागापेक्षा बराच जड. घनमीटरला सागाचे वजन साधारण ६५० किलो, तर शिसवाचे ८५० च्या आसपास. खुर्ची एका हाताने उचलली तरी संशय येतो, आणि पायाच्या तळाशी, जिथे रंग झिजलेला असतो तिथे, पिवळा साग डोकावतो.

लाकडाची जात सांगते त्यापेक्षा जास्त गोष्टी ते कसे चिरले आणि जोडले यावरून कळतात. या खुणा बाहेरून दिसत नाहीत. खण बाहेर काढावा, खुर्ची उलटी करावी, कपाट भिंतीपासून सरकवावे आणि तिरक्या उजेडात मागची फळी पाहावी. जुन्या पद्धतीत ओंडका उंच घोडीवर चढवून दोन माणसे, एक वर आणि एक खाली, मोठ्या करवतीने तो चिरत. त्या करवतीच्या रेषा सरळ पण कमी-जास्त अंतराच्या आणि थोड्या तिरप्या पडतात. गोल यांत्रिक करवत कमानीसारखे वळण सोडते, पट्टीकरवत समान अंतराच्या सरळ रेषा. कमानीची खूण दिसली की वस्तू यंत्रयुगातली. उलट खूण मात्र काही सिद्ध करत नाही, कारण वऱ्हाडच्या खेड्यांत हाताने चिरकाम विसाव्या शतकातही बराच काळ चालू होते. वाकसाने तासलेल्या फळीवर शिंपल्यासारखे उथळ खड्डे राहतात, तेही तसेच. दर्शनी बाजूवर रंधा फिरवून ते घालवलेले असतात आणि मागे तसेच सोडलेले असतात. बनावट जुन्या सामानात अनेकदा याच्या उलट आढळते : खड्डे मुद्दाम समोर.

सांध्यांत वाढयाचा हात सर्वांत स्पष्ट दिसतो. एका लाकडाला चौकोनी भोक आणि दुसऱ्याला त्यात बसणारे कुसू, हा सांधा सगळीकडचाच. पण बंड्या करणाऱ्या वाढयाचे कुसू जाड असते, बहुधा आरपार जाते, टोकाशी पाचर ठोकलेली असते आणि आडवी बांबूची किंवा सागाची मेख घातलेली असते. त्याला ही वस्तू खड्ड्याखळग्यांतून जाणार असे वाटत असावे. मुंबईच्या कारागिराचे कुसू आतच थांबते, बाहेरून दिसत नाही, आणि सरसावर विसंबते. खणांच्या कोपऱ्यांतही हाच फरक. शहरी कामात कोपरे एकमेकांत गुंतणाऱ्या पंखाकृती दातऱ्यांचे असतात, ज्यांना सुतार डव्हटेलच म्हणतात. हाताने कापलेले दाते लहानमोठे असतात, यंत्राचे अगदी सारखे. गावच्या कामात पाट्या नुसत्या एकमेकींवर टेकवून खिळे मारलेले. मेखेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. लाकूड आडवे आकसते, लांबीत जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे शंभर वर्षांच्या मेखेचे डोके पृष्ठभागाच्या वर किंचित उठलेले असते.

आकसण्याचा हाच नियम कातीव पायांना लावता येतो. चरकावर उतरलेला पाय तयार झाला तेव्हा गोल होता. वर्षानुवर्षांत तो एका दिशेने जास्त आकसून थोडा लंबगोल होतो. कॅलिपरने दोन दिशांनी व्यास मोजला तर फरक सापडतो. गोल टेबलाच्या वरच्या फळीचेही तसेच. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि जुलैत हवा ओलीचिंब होते. अशा हवामानात लाकडाचा श्वासोच्छ्वास मोठा असतो. पाय अगदी तंतोतंत गोल निघाला, तर तो नंतर बसवलेला असण्याची शक्यता विचारात घ्यावी.

लोखंड आणि पितळ कालनिर्णयाला सर्वांत उपयोगी. लोहाराने घडवलेला खिळा चौकोनी अंगाचा आणि ठोकून चपटवलेल्या डोक्याचा असतो. तारेचा गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्रास झाला. स्क्रूचे तसेच. साधारण १८५० पर्यंतचे स्क्रू टोकाला बोथट, त्यांचे आटे हाताने कानसलेले आणि डोक्यावरची खाच मध्यापासून सरकलेली. निमुळत्या टोकाचे यंत्राचे स्क्रू इंग्लंडात १८५० च्या दशकात तयार होऊ लागले आणि तिथून इकडे आले. डोक्यावर फुलीची खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकातल्या अमेरिकी शोधाचा. तो भारतीय सुताराच्या हाती आणखी उशिरा आला. इंग्लंडातून आलेल्या बिजागऱ्या, मुठी आणि ओतीव लोखंडी भागांवर कधी कधी चौकट तिरपी उभी केल्यासारखी हिरकणीची खूण असते. ती १८४२ ते १८८३ या काळातली नोंदणीखूण. तिच्या कोपऱ्यांतल्या अक्षरांवरून नमुन्याच्या नोंदणीची तारीखही काढता येते. १८८४ पासून तिच्या जागी नुसता नोंदणी क्रमांक येऊ लागला. कुलपावर किंवा आरशाच्या पाठीवर देशाचे नाव छापलेले असेल, तर ते बहुधा १८८७ च्या इंग्लंडमधल्या व्यापारचिन्ह कायद्यानंतरचे. भारतात तसा कायदा १८८९ मध्ये झाला.

या सगळ्या पुराव्यांना एकच नियम लागू आहे : वस्तूच्या मूळ भागांपैकी सर्वांत उशिराचा जो, तो तिचा काळ ठरवतो. पेटाऱ्याला लोहारी खिळे असले म्हणून तो १८०० चा होत नाही, कारण गावचा लोहार १९२० मध्येही तसे खिळे घडवत होता. पण त्याच पेटाऱ्याची मूळ बिजागरी टोकदार स्क्रूने बसवली असेल, तर तो १८५० च्या आधीचा असूच शकत नाही. अर्थात बिजागरी मूळचीच आहे का, हे आधी पाहावे लागते. तिच्याभोवती दुसऱ्या बिजागरीची भोके किंवा लाकडाचा वेगळा रंग दिसला, तर ती बदललेली आहे.

दडलेल्या भागांच्या अभ्यासाची ही पद्धत अमेरिकेत विशेष वाढली. तिथल्या इंग्रज वसाहतींच्या काळात बॉस्टन, न्यूपोर्ट आणि फिलाडेल्फिया या तिन्ही शहरांतले कारागीर आयात महोगनी वापरत, त्यामुळे दर्शनी भागावरून शहर कळत नसे. पण खणाचा तळ आणि मागची फळी यांना महाग लाकूड कोण घालणार? तिथे जवळच्या जंगलातले स्वस्त लाकूड आले : बॉस्टनला व्हाइट पाइन, न्यूपोर्टला चेस्टनट, फिलाडेल्फियाला ट्यूलिप पॉप्लर आणि पांढरा सीडर. त्यावरून अभ्यासकांनी वस्तूंची शहरे ठरवली. वऱ्हाडात दर्शनी महोगनीची जागा सागाने घेतली आहे, बाकी युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडतो. खणाच्या तळाला सालई, आंबा किंवा बाभूळ निघाली तर काम इकडचे. पाठीला परदेशी पाइनची पातळ फळी असेल तर दोन शक्यता राहतात. वस्तू बाहेरून आली, किंवा इथल्या सुताराने आयात मालाच्या खोक्याच्या फळ्या वापरल्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अमेरिकेचे रॉकेल दोन-दोन डब्यांच्या लाकडी पेट्यांतून येई. त्या पेट्यांच्या फळ्या फुकट जात नसत. अशा फळीच्या आतल्या बाजूला कंपनीच्या छापाची पुसट अक्षरे उरली असतील, तर कपाटाच्या बांधणीला खालची कालमर्यादा आपोआप मिळते. फळी अमेरिकेची असली तरी कपाट वऱ्हाडचेच ठरते.

आकार आणि नक्षी यांवर सामान्य लोक सर्वांत जास्त भर देतात. वास्तविक तो सर्वांत कच्चा पुरावा, कारण नक्षी नकलेने पसरते. तरी तिच्यातून वाट कळते. मुंबईचे काळ्या शिसवीचे फर्निचर, ज्याचा भर १८४० ते १८८० च्या दरम्यान होता, ते जाळीसारख्या आरपार कोरीव पाठींमुळे, वेलबुट्टीने भरलेल्या पायांमुळे दुरूनही ओळखू येते. ते मलबारच्या शिसवाचे, आणि त्याच्या कारखानदारांत पारशी मंडळी पुढे होती. १८७९ मध्ये थिऑसफिकल सोसायटीच्या ब्लाव्हॅट्स्कीबाईंबरोबर मुंबईत आलेला एडवर्ड विंब्रिज थिऑसफीपेक्षा फर्निचरच्या धंद्यात जास्त रमला. त्याच्या कंपनीचे काम त्याहून साधे आणि विलायती वळणाचे. छावणीच्या सामानाची ओळख निराळी. ते प्रवासाला सुटे होणारे असते : दोन भागांत उचलता येणारी खणांची पेटी, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, आत दाबून बसवलेल्या मुठी, फिरवून काढता येणारे पाय. रुरकी खुर्ची म्हणून ओळखली जाणारी, खिळ्याशिवाय जुळणारी आणि कापडाची बैठक असलेली खुर्ची याच कुळातली. १९०३ मध्ये हैदराबाद कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाल्यावर या प्रकारच्या सामानाचा अचलपूरकडचा ओघ आटला असणार.

परदेशी वाटेचा ठळक नमुना म्हणजे वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाची, वेताच्या बैठकीची हलकी खुर्ची. व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्याने १८५९ मध्ये तिचा चौदा क्रमांकाचा नमुना काढला. सुट्या भागांत ती पाठवली तर एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. बोटीच्या आणि रेल्वेच्या भाड्याचा हिशेब करणाऱ्या जगाला ती परवडली. थोनेटचा एकाधिकार १८६९ मध्ये संपल्यावर कोन कंपनी आणि इतर कारखान्यांनी तीच खुर्ची काढली, म्हणून प्रत्येक वाकवलेली खुर्ची थोनेटची म्हणणे चूक. बैठकीच्या कड्याखाली कागदी चिठ्ठी किंवा दाबून उमटवलेले नाव असेल तरच कारखाना सांगावा. बीच भारतात वाढत नाही आणि त्याला भुंगा लवकर लागतो. पिठासारखा भुसा सांडणारी काळी खुर्ची बहुधा हीच.

सर्वांत रसाळ मात्र गावच्या वाढयाने विलायती वस्तू पाहून केलेल्या नकला. आरामखुर्चीचे लांब हात तेच, पण हाताच्या टोकाला केळफूल कोरलेले. कपाटाचा घाट साहेबी, वरच्या कपाळपट्टीत महिरप आणि दोन बाजूंना पोपट. केळफूल, सुरूच्या झाडासारखा निमुळता खांब, कमळ आणि मोर ही मराठी वाड्याच्या लाकूडकामातली अक्षरे. १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत इथे निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली, म्हणजे दुहेरी सत्ता, होती, आणि नागपूरच्या वाड्यांतले कोरीवकाम वऱ्हाडच्या सुतारांसमोर होते. अशा मिश्र वस्तूंना बाजारात किंमत कमी मिळते, कारण त्या धड इंग्रजी नाहीत आणि धड देशीही नाहीत. इतिहासाच्या दृष्टीने वऱ्हाडची म्हणून छातीठोकपणे सांगता येईल अशी वस्तू मात्र हीच. मुंबईच्या दुकानदाराने केळफुलाची आरामखुर्ची बनवली नसती.

लिखित खुणा थोड्या, पण निर्णायक. तारीख कोरलेली असेल तर आधी सन कोणता ते पाहावे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मारवाडी पेढीवरच्या विक्रम संवतातून ५७, किंवा महिन्यानुसार ५६, वजा करावे लागतात. निजामी कारभारातल्या दख्खनी फसलीत ५९० मिळवावे लागतात. १२९५ हा आकडा फसली धरला तर १८८५ होतो आणि शक धरला तर १३७३. कोरलेली तारीख वस्तूच्या जन्माची असतेच असे नाही. लग्नाची, वास्तुशांतीची किंवा वाटणीचीही असते. सरकारी सामानावरचे शिक्के जास्त भरवशाचे. जी. आय. पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, ही अक्षरे असलेले बाक १९५१ च्या आधीचे, कारण त्या वर्षी ही रेल्वे मध्य रेल्वेत गेली. मध्य प्रांत व वऱ्हाड असा संयुक्त उल्लेख १९०३ नंतरचाच. आणि अमरावतीच्या एखाद्या कचेरीतल्या खुर्चीवर मध्य प्रदेश शासनाचा शिक्का निघाला, तर तिच्यावर तो १९५० ते १९५६ या सहा-सात वर्षांतच पडला असला पाहिजे; १९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भ मुंबई राज्यात गेला.

घरातल्या कागदांकडे फारसे कोणी पाहत नाही. सावकारी पेढीच्या रोजमेळात सुताराला दिलेली मजुरी, लाकडाची खरेदी आणि रेल्वे हमाली यांच्या नोंदी असतात. लग्नाच्या आंदणाच्या याद्यांत पलंग आणि पेट्या नावानिशी येतात. आंदणामुळे एक मोठा गोंधळही होतो. अकोल्याच्या घरातला पलंग चार पिढ्या तिथेच असला, तरी तो सुनेबरोबर खानदेशातून किंवा नागपुरातून आलेला असू शकतो. घराचा पत्ता म्हणजे वस्तूचे मूळ नव्हे. घराण्यातल्या आठवणींचेही वजन मर्यादित : पिढी मागे जाते तशी वस्तू जुनी होत जाते, आणि जवळपासच्या एखाद्या थोर माणसाने त्या खुर्चीवर बसून घेतलेले असते.

फसवणूक वऱ्हाडात बहुधा खोटेपणातून कमी आणि उरलेल्या लाकडातून जास्त होते. वाडा पाडला की तुळया, खांब आणि दारे परतवाडा-अमरावतीच्या बाजारात येतात, आणि त्या पक्क्या सागाचे नवे फर्निचर होते. लाकूड खरोखर दीडशे वर्षांचे, खुर्ची गेल्या वर्षीची. ओळखण्याच्या खुणा : बुजवलेली, कामाशी संबंध नसलेली भोके, खिळ्यांचे काळे डाग जे फळीच्या कडेवर अर्धेच कापले गेले आहेत, छिद्रांत अडकलेला चुना, आणि चिरलेल्या बाजूचा उजळ रंग. दुसरा प्रकार दोन वस्तूंच्या लग्नाचा, जसे कपाटाचा वरचा भाग एका घरचा आणि खालचा दुसऱ्याचा. दोन्हींच्या पाठी एकत्र पाहिल्या की फळ्यांची जाडी आणि चिरकाम जुळत नाही.

अस्सल फसवणूक किती दूर जाऊ शकते याचे उदाहरण अमेरिकेतच घडले. ब्रूस्टर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सतराव्या शतकातल्या खुर्च्या तिकडे अतिशय दुर्मीळ. आर्मांड लामोंटेन या शिल्पकाराने १९६९ मध्ये तशी एक खुर्ची घडवली, काळवंडवली, झिजवली आणि बाजारात सोडून दिली. १९७० मध्ये मिशिगनमधल्या हेन्री फोर्ड संग्रहालयाने ती अस्सल समजून घेतली. १९७७ मध्ये त्याने स्वतःच गुपित फोडले. क्ष-किरणांत दिसले की सांध्यातली भोके आधुनिक टोकाच्या गिरमिटाने पाडलेली आहेत. ती चूक त्याने मुद्दाम ठेवली होती. तज्ज्ञांनी खुर्चीची नक्षी आणि झीज पाहिली होती, भोकाचा तळ पाहिला नव्हता.

झिजेलाही तर्क असतो. हात जिथे पडतो, पाय जिथे टेकतो, खण जिथे घासतो, तिथेच लाकूड झिजते. आरामखुर्चीच्या हाताचे टोक, खुर्चीच्या पुढच्या आडव्या दांड्याची वरची कड, बंगईच्या कड्यांची आतली बाजू आणि देव्हाऱ्याचा उंबरठा. झीज सगळीकडे सारखी असेल तर ती कानसेने आणलेली आहे. पॉलिशही पाहावे. गावात जवसाचे तेल किंवा मेण चोळत, कातीव कामावर चरकावरच लाख चढवत. चपड्याचे चकचकीत फ्रेंच पॉलिश शहरातून आले. जुन्या वस्तूवर हे सगळे थर एकावर एक सापडतात. म्हणूनच विकत घेतल्याबरोबर ती घासून कोरी करण्याची जी पद्धत बाजारात आहे ती सर्वांत नुकसानकारक. तेल, लाख, काजळी आणि हळदीकुंकवाचे डाग गेले की वस्तूचा काळ सांगणारा अर्धा पुरावा त्याबरोबर जातो. दुरुस्ती आवश्यक असेल, तर काढलेला प्रत्येक खिळा, स्क्रू आणि फळीचा तुकडा चिठ्ठी लावून ठेवावा.

निष्कर्ष लिहिताना शब्द मोजून वापरावे लागतात. "परतवाडा, १८७०" असे लिहायला कागदोपत्री पुरावा हवा. तो नसताना "वऱ्हाड, बहुधा अमरावती जिल्हा, मेळघाटी साग, आंब्याची पाठ, १८८० नंतर" एवढेच प्रामाणिक. सुताराचे नाव तर घरच्या वहीत सापडल्याशिवाय लिहूच नये. काळ ठरवण्याचा एक कायदेशीर परिणामही आहे. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते, आणि तिची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था यांच्याखेरीज कोणालाही करता येत नाही.